न्यू मॅसिडोनियाची गायलेली हद्द

या, असे पुढे या. मागच्या बाकावर माणूस दोनच कारणांसाठी बसतो: लवकर सटकता यावं म्हणून, नाहीतर घोरता यावं म्हणून. आज दोन्हींची गरज पडणार नाही. मी तुम्हाला एका म्हाताऱ्या बाईची, एका गायलेल्या प्रवचनाची आणि माझ्या स्वतःच्या गाढवपणाची गोष्ट सांगणार आहे. या तिन्हींचा मिळून असा गुंता झाला, की आमच्या चर्चने काही आठवडे चटूला काउंटीचा तुरुंग आपल्या मालकीचा आहे असा दावा सांगितला होता. तेव्हा माझा मेहुणा आत होता, त्यामुळे आमच्या घरात तरी तो दावा कुणाला फारसा वावगा वाटला नाही.

मी होझिया टॉलिव्हर, शुगर फोर्कच्या न्यू मॅसिडोनिया बॅप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीच्या हाताखालचा सेवेकरी. जुनं मॅसिडोनिया कुठे आहे म्हणाल, तर रस्त्यापलीकडे. एका पियानोवरून भांडण झालं आणि आम्ही पियानोसकट निघून आलो. देवानंतर मला कशाचं वेड असेल तर ते सुराला लागलेल्या प्रवचनाचं. नुसतं बोलून सांगितलेलं प्रवचन मी औषधासारखं घेतो, नाक दाबून. पण पाद्री बोलता बोलता मोठा श्वास घेतो, शब्दाची शेपटी लांबते, तिला सूर फुटतो, ऑर्गन हळूच त्याच्या मागे लागतो आणि चांगली शहाणीसुरती माणसं उभी राहून टाळ्या पिटू लागतात, तेव्हा मला सांगा, स्वर्ग आणखी किती लांब असणार? फार तर दोन काउंट्या सोडून.

आमच्याकडे पत्ता सांगायची रीत निराळी. शुगर फोर्कला यायचं तर ‘टायरचं दुकान होतं तिथून डावीकडे’ असं आम्ही सांगतो. ते दुकान बासष्ट साली जळालं. ‘नवा पूल’ म्हणजे जो माझ्या आज्याच्या लहानपणी वाहून गेला तो. पाहुणे चुकतात आणि आम्हाला दूषणं देतात. पण ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे, आणि ज्याला ठाऊक नाही तो बहुधा वसुलीवाला असतो.

चर्चची जमीनही अशीच, माहीतगारांच्या डोक्यात असलेली. ती मिळवली एसाव गिलियार्डने, आमच्या पहिल्या पाद्रीने. गुलामीत असताना तो मोजणीवाल्यामागे साखळी ओढायचा. सहासष्ट फुटांची लोखंडी साखळी, काट्याकुट्यांतून, दलदलीतून. गोऱ्यांच्या जमिनी त्याने पायांनी मोजून दिल्या आणि स्वतःच्या पायाखाली वीतभर नव्हती. सुटका झाल्यावर नऊ घरांनी मिळून ओढ्याकाठची जमीन घेतली, कागद केला, कोर्टात नोंदवला. एसावला लिहितावाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून त्याने कागदातली हद्द सुरात बसवली आणि दंडक घातला: दर वर्षी ऑगस्टच्या चौथ्या रविवारी, चर्चच्या वाढदिवशी, पाद्रीने ती गायलीच पाहिजे. आधी हद्द, मग जेवण.

ती हद्द अशी:

रस्त्याकाठच्या दगडावरून निघालो, सूर्याकडे तोंड केलं,
सहा साखळ्या चाललो, वीज पडल्या ओकाला भेटलो.
ओकापासून पाण्याकाठाने खाली उतरलो,
आठ साखळ्या चाललो, सायप्रसच्या गुडघ्याशी बसलो.
सूर्याला पाठ दिली, सहा साखळ्या चाललो,
तिथे गाडीचा आस पुरला, आणि देवाला साक्ष ठेवलं.
रस्त्याने वर आठ साखळ्या, आणि घरी आलो, घरी आलो.

पुढे कोर्ट जळालं, त्यात सगळ्या काउंटीचे कागद गेले. चर्चची नक्कल एका पाद्रीच्या पेटीत होती, ती उंदरांनी खाल्ली. उरली ती गायलेली हद्द. एका पाद्रीने दुसऱ्याला शिकवलेली, दुसऱ्याने तिसऱ्याला.

आता ही गोष्ट वाकडी कुठे झाली ते सांगतो.

एकसष्ट साली चर्चच्या चिटणीस मदर अर्झेला बर्ड यांनी ठरवलं, की शुगर फोर्कचा इतिहास-भूगोल लिहून काढायचा. मदर हा आमच्यात वडीलधाऱ्या बाईचा मान; तेव्हा त्यांना तसं कुणी म्हणत नव्हतं, एकोणपन्नास वर्षांच्या शाळामास्तरीण होत्या त्या. गावातल्या निम्म्या माणसांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली आणि उरलेल्या निम्म्यांना अजून ती खाण्याची भीती. त्या पोस्टाने लघुलिपी शिकलेल्या. बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्द सुटला रे सुटला, की तो त्यांच्या वहीत. वाढदिवसाच्या रविवारी त्या पहिल्या बाकावर बसल्या आणि तेव्हाच्या पाद्रींच्या तोंडून निघालेली हद्द शब्द न् शब्द उतरवून घेतली. त्याची चाळीस पानांची पुस्तिका झाली. घरोघर एक प्रत गेली, एक काउंटीच्या वाचनालयात गेली.

ती पुस्तिका आमच्यात सगळ्यांनी वाचली, पण कशी वाचली? ज्याने त्याने आपल्या आजोबाचं नाव असलेलं पान काढलं, नाव बरोबर छापलंय का पाहिलं आणि पुस्तिका बायबलखाली ठेवून दिली. हद्दीचं पान अडतीस वर्षांत कुणी वाचलं नाही.

नव्व्याण्णव साली ते वाचायची वेळ आली. शेजारचं पाइनचं रान एका लाकूड कंपनीने घेतलं. तिच्या मोजणीत आमच्या दफनभूमीचा खालचा निम्मा भाग तिच्याकडे गेला. कंपनीने तारेचं कुंपण घातलं, फाटक लावलं, फाटकाला कुलूप. पाटी अशी: कबरींना भेट द्यायची असेल तर आधी लेखी अर्ज करावा, नवीन दफन करता येणार नाही.

त्या खालच्या भागात क्लिफ्टन बर्ड होता, मदर अर्झेलांचा नवरा, चौऱ्याहत्तर साली गेलेला. त्याच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी. दगडावर तिचं नाव आधीच कोरलेलं, जन्मसालासकट, पुढचं साल तेवढं रिकामं. मदर तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या.

“होझिया,” त्या मला म्हणाल्या, “मी चौतीस वर्षं त्या माणसाच्या उजव्या अंगाला झोपले आणि त्याचं घोरणं ऐकलं. आता तो घोरत नाही, तर मला डाव्या अंगाला झोपायचंय. अर्ज-बिर्ज करून मी माझ्या नवऱ्याकडे जाणार नाही.”

“तुम्ही कशाला काळजी करता, मदर? तुमची पुस्तिका आहे ना!” मी म्हणालो.

चर्चने कंपनीवर दावा लावला, आणि पुस्तिका कोर्टात मीच नेऊन दिली. मखमली पिशवीत घालून.

सुनावणी काउंटीच्या कोर्टात दुसऱ्या मजल्यावर, न्यायाधीश मॅकटीर साहेबांपुढे. कंपनीकडून राजधानीतला वकील, पिंकस्टन नावाचा. दात इतके पांढरे की खोटे असावेत, आणि बोलणं दातांना शोभेलसं. त्याच्याशेजारी कंपनीचा मोजणीदार डेल्बर्ट क्रेनशॉ. गोरा, काटकुळा, चाळिशीतला, तोंडात दात कोरायची काडी. आमच्याकडून आमचे पाद्री रेव्हरंड लेमुएल स्पॅन, कारण बोलण्यात त्यांना अजून कुणी हरवलं नव्हतं. बाकांवर अख्खं न्यू मॅसिडोनिया, टोप्यांसकट. रस्त्यापलीकडचं जुनं मॅसिडोनियाही आलं होतं. आमची फजिती कोण सोडणार?

मदर अर्झेलांनी शपथ घेतली. पिंकस्टनने पुस्तिका उघडली.

“ही तुम्ही लिहिलीत?”

“हो.”

“यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे?”

“तरुण माणसा,” मदर म्हणाल्या, “मी साठ वर्षं चर्चची चिटणीस आहे. माझ्या हातून एक स्वल्पविराम चुकलेला दाखव.”

“नाही नाही, माझी तक्रारच नाही. मी नुसतं वाचतो.” आणि तो वाचू लागला. “‘सूर्याकडे तोंड केलं, सहा साखळ्या चाललो, सहा साखळ्या चाललो, सहा साखळ्या चाललो, ओकाला भेटलो.’ झाल्या अठरा. पुढे. ‘पाण्याकाठाने खाली उतरलो, आठ साखळ्या चाललो, आठ साखळ्या चाललो...’”

तो वाचत गेला. एक, दोन, तीन. पाचव्या वेळी बाकांवर चुळबुळ सुरू झाली. आठव्या वेळी न्यायाधीशांनी चष्मा काढला. अकरा वेळा वाचून तो थांबला.

“अठ्ठ्याऐंशी साखळ्या. म्हणजे एक मैलाहून जास्त. क्रेनशॉ, जरा नकाशा दाखवा.”

क्रेनशॉने नकाशा लावला. त्यावर लाल रेघेने आमचं चर्च. ती रेघ दफनभूमीवरून निघाली, कंपनीचं रान ओलांडून गावात शिरली, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीखालून गेली, कोर्टासमोरची तोफ आणि शेजारचा तुरुंग कवेत घेतला आणि मांगुर माशांच्या एका तळ्यात जाऊन बुडाली.

“आमच्या मेथडिस्ट चर्चचं स्वयंपाकघरसुद्धा यात येतंय,” क्रेनशॉ काडी न काढता म्हणाला. “चूल तेवढी सोडा म्हणावं.”

हशा पिकला. जुनं मॅसिडोनिया तर बाक बडवून हसलं. न्यायाधीशांनी हातोडी आपटली.

“शिवाय ही आकृती बंदच होत नाही,” पिंकस्टन म्हणाला. “निघालेला माणूस घरी परत येतच नाही. तर बाई, आता दोनच गोष्टी. पुस्तिका खरी असेल तर तुरुंग तुमचा आहे, अभिनंदन. खोटी असेल तर तुमच्याकडे काहीच पुरावा नाही. काय ते सांगा.”

मदर अर्झेलांनी नकाशाकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं. ज्या चिठोऱ्यावर क्लिफ्टनची कबर टिकायची, तो त्यांनीच लिहिलेला, आणि त्यानेच ती बुडत होती.

न्यायाधीशांनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेर पाण्याच्या नळाशी मदर भिंतीला टेकून उभ्या. मी पेला भरून दिला. त्यांनी घेतला नाही.

“मी ऐकलं तेच लिहिलं, होझिया. देवाशपथ. पाद्रीबाबा अकरा वेळा म्हणाले.”

“म्हणाले खरे.”

“मग एसावाने चुकीचं बांधलं का? की पाद्रीबाबा म्हातारे झाले होते?”

उत्तर मला माहीत होतं. तिथे नकाशाची लाल रेघ बघता बघताच मला कळलं होतं, आणि मी बाकावर खाली खाली सरकत होतो.

तुम्ही कधी आमच्यात बसला नसाल, तर रीत सांगतो. सुरातली एखादी ओळ मनाला लागली, की खालून कुणीतरी ओरडतं: “पुन्हा!” मग पाद्री ती ओळ पुन्हा म्हणतो. ओरड थांबत नाही तोवर पुढे जात नाही. जो जातो त्याला आमच्यात मान नाही. एसावच्या वेळेपासून चालत आलेलं हे.

“मदर,” मी म्हणालो, “ते अकरा वेळा मीच म्हणायला लावलं.”

“काय?”

“मी एकोणीस वर्षांचा होतो. पुढच्या बाकावर रूबी डेल बसली होती. पिवळी टोपी घालून. मी ‘पुन्हा!’ ओरडलो की ती मागे वळून बघायची. पहिल्या तीन वेळा ओकापाशी वळली. मग सायप्रसच्या ओळीला काही केल्या वळेना. मी ओरडत राहिलो, पाद्रीबाबा म्हणत राहिले. अकराव्या वेळी वळली.”

मदरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला पुन्हा तिसरीत बसल्यासारखं झालं. हात आपोआप मागे गेले.

“आणि माझ्या वहीत ते सगळं गेलं.”

“हो.”

“एका पोरीच्या मानेसाठी तू चर्चला तुरुंगापर्यंत नेलंस?”

“ती आता माझी बायको आहे, मदर.”

“त्याची शिक्षा तिला मिळालीच आहे,” त्या म्हणाल्या. मग पेला माझ्या हातातून घेतला, सगळा प्यायल्या आणि काठी टेकत आत निघाल्या. “चल. शपथ घ्यायची आता तुझी पाळी.”

शपथ घेऊन मी ती सगळी हकिगत भर कोर्टात सांगितली. पिवळ्या टोपीसकट. रूबी डेल तिसऱ्या बाकावर तोंडासमोर पंखा धरून बसली होती. पंखा इतका जोरात हलत होता की पुढच्यांचे कागद उडाले. “छत्तीस वर्षं झाली, मी याला गप्प बस म्हणून सांगतेय,” ती मोठ्याने म्हणाली, आणि न्यायाधीशांना हातोडी सापडेना.

पिंकस्टन उठला. “म्हणजे पुस्तिका चुकीची आहे, हे तुम्हाला मान्य!”

मदर अर्झेला उठल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या, पण उठल्या तशी सगळी खोली शाळा झाली.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “त्यातला शब्द न् शब्द त्या दिवशी बोलला गेला. पण...” त्या थांबल्या. हे वाक्य त्यांच्या घशातून यायला साठ वर्षं लागली होती. “पण मी मूर्खपणा केला. मी कानांनी लिहिलं. हद्द पायांनी लिहायची असते. पाद्री आठ साखळ्या पुन्हा म्हणतो, तेव्हा तो पुन्हा चालत नाही. तिथेच उभा असतो. हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण माझं लक्ष माझ्या लघुलिपीवर होतं. झाली चूक. लिहून घ्या. चूक, माझी. आणि आता ती रेघ पुसून नीट चाला.”

जुन्या मॅसिडोनियाची एक म्हातारी हळूच “आमेन” म्हणाली. चिटणीसबाईंची चूक याचि देही ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नसावं.

“हे सगळं ऐकायला छान आहे,” पिंकस्टन म्हणाला, “पण कोर्टात गाणं पुरावा होत नसतं.”

“मग मघाशी माझा हात बायबलवर का ठेवायला लावलात?” मदर म्हणाल्या. “त्यातली दीडशे स्तोत्रं गाणीच आहेत.”

न्यायाधीश मॅकटीर आयुष्यभर कोर्टात कंटाळलेले गृहस्थ. त्यांनी घड्याळ पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. “उद्या सकाळी नऊ वाजता जागेवर,” ते म्हणाले. “रेव्हरंड, गळा शाबूत ठेवा. क्रेनशॉ, तुमची यंत्रं आणा.”

सकाळी नऊला निम्मी काउंटी जागेवर. कुणीतरी चिकन बॉगचा, म्हणजे कोंबडी घातलेल्या गचगचीत भाताचा, टोपही आणला होता, कारण हद्द आणि जेवण आमच्यात वेगळं होत नाही. रेव्हरंड दगडापाशी उभे राहिले, डोळे मिटले, श्वास घेतला. सुरुवातीला नुसतं बोलल्यासारखं. मग आवाज वाकला, उचलला गेला: “रस्त्याकाठच्या दगडावरून... हां! निघालो...” माझ्या अंगावर काटा आला. रानात ऑर्गन नव्हता, तर लोकांनीच हुंकार धरला.

“सहा साखळ्या चाललो!”

“पुन्हा!” कुणीतरी ओरडलंच. सवय हो!

मदर अर्झेलांची छत्री फाडकन त्याच्या पाठीत. “तोंड बंद! मोजणी चाललीय!”

क्रेनशॉ मोजत होता. सहा साखळ्या, तीनशे शहाण्णव फूट. ओक नव्हता, पण जमिनीत त्याचा सडलेला बुंधा होता, काळा, हाताने चुरा होणारा. क्रेनशॉने खाली बसून तो चाचपला. तिथून पाण्याकाठाने खाली पाचशे अठ्ठावीस फूट. ओढ्यात सायप्रस उभा, मुळांचे गुडघे पाण्याबाहेर काढून, जणू एसावची वाटच बघत. तिथून सूर्याला पाठ. ही ओळ कंपनीच्या कुंपणापलीकडून गेली. तिथे ब्लॅकबेरीची जाळी इतकी दाट, की माणूस दिसेना. सहा साखळ्या संपल्या त्या जाळीत.

“तिथे गाडीचा आस पुरला,” रेव्हरंड गात होते, “आणि देवाला...”

“थांबा,” क्रेनशॉ म्हणाला.

तो सळई घेऊन जाळीत शिरला. जमिनीत सळई खुपसत सरकू लागला. एकदा, दोनदा. पिंकस्टन त्याच्या मागे गेला, जाळीपाशी वाकला. मी जवळ होतो, मला ऐकू आलं.

“तुला काही खोदायची गरज नाही, डेल्बर्ट. नाही सापडला म्हण, आणि चल घरी. कंपनीचं पुढच्या तीन काउंट्यांचं काम तुलाच मिळणार आहे, ठाऊक आहे ना?”

सळई टण्ण वाजली.

क्रेनशॉ तसाच उभा राहिला. त्याच्या हाताला काटे लागून रक्त आलं होतं. त्याने पिंकस्टनकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या मदर अर्झेलांकडे. त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या क्लिफ्टनच्या दगडाकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. क्रेनशॉने काडी थुंकली आणि फावडं मागितलं.

दोन फुटांवर आस निघाला. गंजून पोपडे सुटलेला, हाताने घडवलेला, उभा पुरलेला. कुणी चुकून टाकलेला आस उभा नसतो.

“साहेब,” क्रेनशॉ न्यायाधीशांना म्हणाला, “गाण्यात सांगितल्यापासून साडेतीन फुटांवर. इथून रस्त्याने वर आठ साखळ्या मोजल्या तर दगड गाठतो.”

“म्हणजे आकृती बंद होते?”

“होते.”

“तुमच्या मोजणीपेक्षा नीट?”

क्रेनशॉने डोकं खाजवलं. “माझी एकोणीस फुटांनी उघडी राहिली होती, साहेब. मी ती कागदावर ओढूनताणून बसवली.”

पिंकस्टनचे पांढरे दात त्या दिवशी पुन्हा दिसले नाहीत.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. सोमवारी कुलूप काढलं, मंगळवारी फाटक, आणि बुधवारी मी मदरांना गाडीने खाली घेऊन गेलो. त्यांनी पाइनची पानं हाताने झाडली, दगड पुसला, मोकळ्या जागेवर छत्री टेकवून उभ्या राहिल्या.

“क्लिफ्टन,” त्या म्हणाल्या, “जागा झाली. जरा सरकून झोप. घाई नको करू, मी येतेच आहे.”

पण आल्या त्या चौदा महिन्यांनी, कारण पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची होती. हद्दीचं पान त्यांनी पुन्हा लिहिलं आणि खाली तळटीप घातली: ‘पहिल्या आवृत्तीत झालेली चूक लेखिकेची. तुरुंग काउंटीला परत करण्यात आला आहे.’ माझं नाव घातलं नाही. त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

त्यांच्या दफनाला जुनं मॅसिडोनियाही आलं. मागे, पार शेवटी, टोपी हातात धरून डेल्बर्ट क्रेनशॉ उभा होता. लाकूड कंपनीने त्याला काढलं होतं, आणि मग एकाही कंपनीने त्याला काम दिलं नाही. खाल्ल्या मिठाला जागत नाही अशी बोलवा उठवली त्याची. आता तो शेजारच्या काउंटीत लोकांच्या मैल्याच्या टाक्या पुरतो. मी त्याला आमच्यात येऊन बस म्हणालो. तर म्हणाला, “डीकन, तुमचं प्रवचन फार लांब असतं.”

आम्ही आमच्या प्रार्थनेत एसाव गिलियार्डचं नाव घेतो, मदर अर्झेला आणि क्लिफ्टनचं घेतो. त्यांना आमची गरज नाही, ते पोचलेले लोक. तुम्ही आज रात्री हात जोडाल तेव्हा मेहेरबानी करून डेल्बर्ट क्रेनशॉची आठवण ठेवा. हातात सळई असताना गप्प बसून घरी जाता आलं असतं त्याला, आणि त्याने फावडं मागितलं. माणूस आमच्या पंथाचा नाही, मेथडिस्ट आहे, त्याला चार शब्द जास्तच लागतील.